मामांची जीभ आणि रानटी प्रोटीन

माणसाच्या प्रत्येक पेशीत एक पहारेकरी बसलेला असतो. पेशीचा आराखडा बिघडला की तो तिला अडवतो, दुरुस्तीला वेळ देतो आणि ती सुधारतच नसेल तर तिला संपवतो. आपण सगळे त्याच्या जागरूकतेवर जगतो. हे एक प्रोटीन आहे आणि त्याचं नाव पी त्रेपन्न. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला एसटीच्या फलाटासारखं नाव कुणी दिलं, ठाऊक नाही. आमच्या मामांच्या घरी तो आला तेव्हा बहुतेकांनी त्याला ओळखलं नाही, आणि ज्यांनी ओळखलं त्यांनी चुकीचं ओळखलं.

मामा तासगावजवळच्या एका गावात राहतात. द्राक्षबाग आहे, पण लोक त्यांना ओळखतात ते कुस्ती मैदानातले निवेदक म्हणून. दोन पैलवान अंगाला माती लावून ताटकळत उभे असतात आणि माइकवर मामा त्यांच्या आज्याच्या तालमीपर्यंत पोचलेले असतात. पहिल्यांदाच मैदानात उतरलेल्या पोराला ते असं पुकारतात, की पोरगं मागे वळून बघतं, आपल्यामागे कोण आलंय म्हणून.

गेल्या माघात त्यांच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा दिसला आणि मध्ये एक न भरणारी जखम. तंबाखू त्यांनी सोडली होती, म्हणजे मामींसमोर सोडली होती. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी जिभेचा बारीक तुकडा तपासायला सांगलीच्या लॅबकडे पाठवला. उत्तर आलं, पेशी थोड्या बिघडल्यासारख्या दिसतात, पण ते जखमेमुळे की कॅन्सरच्या वाटेवर असल्यामुळे, नक्की सांगता येत नाही. म्हणून त्याच तुकड्यावर पी त्रेपन्नची तपासणी करायचं ठरलं. कॅन्सर निघाला तर जिभेचा काही भाग काढावा लागेल, असं बाई म्हणाल्या होत्या. मामांनी तेवढंच ऐकलं.

“आवं, एवढी लांब जीभ हाय तुमची,” मामी म्हणाल्या, “थोडी गेली तर कळायचंबी न्हाई.” मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी साताऱ्याहून पोचलो त्या शनिवारी रिपोर्ट मामांच्या फोनवर आला. बाईंची वेळ सोमवारची. तोवर धीर कुणाला? शेजारच्या गुरुजींना बोलावणं गेलं. गुरुजींनी तालुक्याच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलेलं. त्यांनी चष्मा पुसला, फोन हातभर लांब धरला आणि वर्गात वाचावं तसं वाचलं, “पी फिफ्टीथ्री, वाइल्ड टाइप.”

“म्हंजे?” मामा.

“वाइल्ड म्हणजे रानटी. टाइप म्हणजे जात. रानटी जातीचा आहे.”

“गुरुजी, हे त्या प्रोटीनबद्दल लिहिलंय, रोगाबद्दल नव्हे,” मी म्हणालो.

“तू कॉमर्सचा ना?” गुरुजींनी विचारलं. विषय संपला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मामांना रानटी जातीचा झालाय. माणसं शहाळी आणि केळी घेऊन यायला लागली. द्राक्षबागवाल्याकडे द्राक्षं कशी न्यायची, हा पेच काहींना पडला, तरी त्यांनी ती आणलीच. मामांच्या जुन्या तालमीचे वस्ताद आले, खाटेवर टेकले आणि मामांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, “रानटी असू दे न्हाईतर माणसाळल्याला. धोबीपछाड टाकू त्याला, गड्या.”

“जिभंवर धोबीपछाड कसा टाकायचा, वस्ताद?”

वस्तादांनी खरोखर विचार केला. “मग चितपट न्हाई, गुणांवर जिंकू,” ते म्हणाले.

रविवारी मामा गोठ्यात जाऊन चैत्राच्या यात्रेतल्या मैदानासाठी निरोपाचं भाषण घोकत होते. मी दारातून ऐकलं. भाषण चांगलं होतं, फक्त लांब होतं. मध्येच थांबून त्यांनी खोकल्याचं नाटक केलं. म्हैस रवंथ करत होती.

सोमवारी मिरजेला आम्ही चौघं गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गुरुजीही निघाले होते, भाषांतर लागेल म्हणून. बाईंनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, “छान.”

“मॅडम,” गुरुजी खाकरले, “वाइल्ड म्हणजे—”

“निसर्गानं घडवला तसा. न बिघडलेला.”

“मग सरळ नॉर्मल का लिहीत नाहीत?”

“ते मलाही कळत नाही,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं. हे प्रोटीन धड असेल तर काम करून लगेच विरघळतं, म्हणून तुकडा रंगवून काचेवर ठेवला की इथे तिथे थोड्याच पेशी फिक्या तपकिरी दिसतात. बिघडलं की बहुतेक वेळा ते साचतं आणि सगळ्या पेशी गडद होतात. कधी ते बनतच नाही, मग काच कोरीच राहते. मामांची काच इथे तिथे फिक्या ठिपक्यांची होती. “पण एवढ्या एका खुणेवर निकाल लागत नाही,” त्या म्हणाल्या. “पेशींची ठेवण, जखम, सगळं मिळून बघायचं. आ करा.”

मामांनी आ केला. चट्ट्याच्या बरोबर समोर एक तुटकी दाढ होती, आणि तिची धार जिभेला घासत होती.

“दाढ काढा, तंबाखू बंद करा आणि पुन्हा दाखवायला या. चट्टा राहिला तर परत तुकडा काढू.”

“म्हंजे जीभ ऱ्हाती?”

“राहते.”

“तंबाखू तर कवाच सोडलीया,” मामा म्हणाले. मामींनी हात पुढे केला, त्यांच्या खिशातली डबी काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली.

परतताना गुरुजींनी गाडीत रिपोर्ट पुन्हा हातभर लांब धरून वाचला. भिलवडीच्या फाट्याला म्हणाले, “भाषांतर माझं बरोबरच होतं. शब्द त्यांनी चुकीचा निवडला.”

दाढ गेली. फाल्गुनात जखम भरली आणि चट्टाही मावळला. बाईंनी तरी दर काही महिन्यांनी दाखवायला यायला सांगितलं आहे.

चैत्रातल्या मैदानात मामांनी माइक हातात घेतला. माणसं उठून उभी राहिली, शिट्ट्या वाजल्या, वस्तादांनी डोळे पुसले. मी मामींकडे बघितलं. त्या मामांच्या तोंडाकडेच बघत होत्या, प्रत्येक शब्द मोजून घ्यावा तशा. मामांनी प्रास्ताविक सुरू केलं. ते इतकं लांबलं की पुढे अंधार पडला आणि शेवटची कुस्ती पंचांना बरोबरीत सोडवावी लागली.