खाली हाय

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही. बायकोले नाही, देवापुढं बी नाही. तुमाले काहून सांगून राह्यलो, ते मले बी समजत नाही. पण बसा जरा. मधात टोकू नोका — नाहीतर मी गाडी वळवून दुसरंच काही सांगत बसीन. तशी सवयच लागली मले.

मी पोलिसात हाय, पांढरकवड्याकडं. आमच्या ठाण्यात पिस्तुलाचा विषय निघाला का दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, पिस्तुलंच जुनी, आपोआप उडतात. दुसरी म्हणते, आपोआप काही उडत नाही, बोट लागते त्याले. चहा थंडा होते, पण भांडण मिटत नाही. अन् मी? मी पहिल्या पार्टीत. सगळ्यात मोठ्यानं मीच बोलतो. काहून बोलतो — सांगतो ना, थांबा.

प्रल्हाद माह्या बॅचचा. फुलसावंगीकडच्या तांड्यातला. मोठा हसरा गडी, मले 'बयताड', म्हणजे येडा, म्हणल्याशिवाय हाकच मारत नव्हता. त्या दिवशी दुपारी आमी हायवेवरच्या बंदोबस्तातून वापस आलतो. तिथं गर्दी बिथरली तवा मी घाबरलो, अन् गोळी चेंबरात चढवून ठेवली. ठाण्यात आल्यावर मॅगझिन काढली. पण मॅगझिन काढली म्हणजे पिस्तूल रिकामं झालं का? चेंबरातली गोळी तशीच रायते. स्लाइड मागं ओढून पाहा लागते — हे आमच्याकडून ट्रेनिंगमधी घोटून घेतलं होतं. मी नाही ओढली. घाई होती मले. कायची? जेवायची. दुसरं काय!

प्रल्हादनं साफ करायले माहं पिस्तूल हाती घेतलं अन् इचारलं, "काय रे बयताडा, खाली हाय ना?"

"हो हो, खाली हाय," मी म्हणलो. पाह्यलं बी नाही तिकडं.

त्यानं पिस्तुलाचं तोंड जमिनीकडं करून ट्रिगर दाबला.

"याडी!" असा वरडला तो. याडी म्हणजे त्याइच्या बोलीत आई. बुटातून रक्त वाहून राह्यलं होतं. त्याचा तो पाय अजूनही सरळ पडत नाही.

मंग चौकशी बसली. साहेबानं मले इचारलं, तू खाली हाय म्हणला होता का? आता पाहा — आमच्या इकडं खाली म्हणजे रिकामं. अन् खाली म्हणजे जमिनीकडं, हे बी हायच. मले तिथंच सुचलं. काय सांगू बाप्पा, किती लवकर सुचलं! मी म्हणलो, "साहेब, पिस्तुलाचं तोंड खाली हाय, असं म्हणलो मी. रिकामं करायचंच होतं अजून. त्यानं ऐकलं भलतंच." अन् वरून हे बी जोडलं का पिस्तूल जुनं हाय, ट्रिगर हलका हाय.

पटलं सगळ्याइले. हाती घेणाऱ्यानं सोता पाहा लागते, असा ठपका प्रल्हादवर बसला. त्याच्या हाती पुन्हा कधी हत्यार दिलं नाही. हत्यारावर जीव होता त्याचा.

मले ठाऊक होतं का तो काय इचारून राह्यला. रिकामं हाय का, हेच. मी रिकामंच म्हणलो होतो — न पाहता. मंग खोटं बोललो. डरपोक हावो मी, दुसरं काही नाही.

परवा ठाण्यात पुन्हा तेच भांडण पेटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रल्हाद लंगडत मधात आला. आपला पाय दाखवून सगळ्याइले म्हणे, "पिस्तुलाले कायले दोष देता? ह्यानं बरोबर सांगतलं होतं. माह्याच ऐकण्यात चूक झाली. तुमी तरी नीट ऐकत जा."

अन् त्यानं साक्षीले माह्याकडं पाह्यलं.

मी 'हो' म्हणलो.