एकट्यानं ऐकायचं असतं

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. त्यांच्या टिंब-रेघांच्या मॉर्स स्पर्धेत एका स्टेशनशी बोलणं जेमतेम दहा सेकंदांचं. प्रत्येक स्टेशनचं अक्षरं-आकड्यांचं एक नाव असतं, कॉलसाइन. त्याची कॉलसाइन घ्यायची, आपली द्यायची, एकेक नंबर, की संपलं! पण त्या दहा सेकंदांवर आम्ही लोक वर्षभर चहा पितो. नव्वदच्या दशकात लखनौत आम्ही मोजून तीन-चार हॅम होतो, आणि निम्मे किस्से एकट्या वानखेडेकाकांचे. मुद्दाम कुणी गोळा केले नाहीत, साचत गेले.

काका मूळचे अमरावतीचे, माझ्यासारखेच. मानक नगरला रेल्वेच्या नोकरीत, चाकं आणि रूळ तपासायचं काम. मी त्यांना दहा वर्षांनी ज्युनियर, म्हणून ऑफिसात "सर" आणि क्वार्टरमध्ये शिरताना "जयभीम काका".

काका स्पर्धेत 'सिंगल ऑपरेटर' गटात उतरायचे. म्हणजे ऐकणं, की म्हणजे मॉर्सची दांडी ठोकणं, वहीत लिहिणं, सगळं एकट्यानं. बघायला कुणी बसलं तर बसो, पण त्यानं तोंड उघडायचं नाही.

आमचे मिश्राजी अलीगंजचे, बॅटऱ्यांचं दुकान. एका वर्षी बघायला येऊन बसले. एक दुर्मिळ स्टेशन लागलं, आवाज अगदी बारीक. काकांना शेवटचं अक्षर मिळेना. मिश्राजींना राहवलं नाही. "के है, के!"

काकांनी पेन्सिल ठेवली आणि ती अख्खी ओळ खोडली!

"अरे भाई साहब, हम तो खाँसे थे!"

"मिश्राजी, आपकी खाँसी में भी कॉलसाइन आता है?"

पुढच्या वर्षापासून मिश्राजी यायचे ते दोन्ही गालांत पान कोंबून. बोलायची सोयच नाही!

*

शेजारचे श्रीवास्तवजी एका रविवारी सकाळी भांडायलाच आले. काकांनी की दाबली की यांच्या टीव्हीवर रेघा! काका स्पर्धेत, बोलणार कसे? त्यांनी खुर्ची दाखवली, जास्तीचा हेडफोन श्रीवास्तवजींच्या कानावर चढवला आणि भिंतीवरच्या नकाशात जपानवर बोट ठेवलं.

माणूस गारच पडला. पाऊण तास हलला नाही! शेवटी बायको दारात आली, "अजी, लड़ने गए थे कि बसने?"

श्रीवास्तवजी हात वर करून म्हणाले, "चुप रहो, जापान चल रहा है!"

*

आता खरी गोष्ट. समोरच्याचा आवाज कसा येतोय याचा एक आकडा द्यायचा असतो. ५९९ म्हणजे लख्ख. स्पर्धेत घाई असते म्हणून जगभर सगळे सरसकट ५९९ देतात. आवाज खरखरीत बुडत असला तरी ५९९! ती एक रीतच झालीय. काका मात्र खरं ते द्यायचे. ३३९, ४४९, जसं येईल तसं. समोरचा गडबडायचा, पुन्हा विचारायचा, काकांचे सेकंद जायचे.

मी एकदा म्हटलं, "काका, द्या की ठोकून ५९९! कोण बघतंय?"

"काहून? चाकाला चीर असली तर मी पास लिहितो काय?"

संपला विषय.

*

मग दोन-तीन वर्षांत काकांच्या वहीतले आकडे घसरायला लागले. सगळं जग अशक्त झाल्यासारखं! ५७९ वाले ४४९ वर आले, ४४९ वाले ३३९ वर. आम्ही म्हटलं, अँटेनाच गेली. लखनौची माकडं तारेला लोंबकळतात, त्यांच्यावर खापर फोडलं. मी आणि मिश्राजी चार रविवार गच्चीवर. तार बदलली, केबल बदलली, खांब सरळ केला. उन्हानं मिश्राजींच्या टकलाची साल निघाली. आकडे घसरतच होते!

पाचव्या रविवारी काकू चहा घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "तुम्ही दोघं उतरा खाली. तीन शिट्ट्या झाल्या तरी यांना कुकर ऐकू येत नाही हल्ली."

मी हातातला पाना खाली ठेवला. खूप वाईट वाटलं. बिघाड आम्ही जगभर शोधला, फक्त त्या माणसात शोधला नाही.

*

डॉक्टर म्हणाले, नसच गेलीय, उपाय नाही. कानाचं मशीन लावून पाहिलं, हेडफोनखाली ते शिट्ट्या मारायचं. वर्षभरात काका ठार बहिरे झाले. आम्ही पाटीवर लिहून बोलायचो.

स्पर्धा जवळ आली. मिश्राजींनी पाटीवर लिहिलं, "हम सुनेंगे, आप ठोकिए। किसको पता चलेगा?"

काकांनी वाचलं. "ठीक है। फिर फॉर्म पर नाम किसका लिखूँ?"

मिश्राजींनी पाटी पुसली.

*

त्या वर्षी काका स्पर्धेला बसले. स्पीकरची पुढची जाळी काढलेली, आणि डाव्या हाताची तीन बोटं त्या कागदी पडद्यावर, नाडी बघतात तशी. सहा महिने कुणालाही न सांगता सराव केला होता! उजव्या हातानं की आणि पेन्सिल.

मी बघायला बसलो. बापरे! स्टेशन लागायचं, पडदा थरथरायचा, आणि काका लिहायचे. मी कानांनी ऐकत होतो, ते बोटांनी. अक्षर न् अक्षर जुळत होतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू!

दुपारी साडेतीनला मात्र काका थांबले. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. काकांनी डोळे मिटले, बोटं किंचित दाबली आणि लिहायला लागले. पूर्ण कॉलसाइन, नंबर! पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटाची कॉलसाइन होती. मग त्यांनी उत्तर ठोकलं, थोडं थांबले, मान डोलावली आणि पुढे गेले.

मी कान टवकारून बसलो होतो. तिथे काहीही नव्हतं. शपथेवर सांगतो, काहीही नव्हतं!

म्हणजे काका आता मनानंच लिहायला लागले का? आयोजक एकाची वही दुसऱ्याच्या वहीशी ताडून बघतात. नसलेलं स्टेशन सापडलं असतं तर ज्या माणसानं एक खोटं ५९९ दिलं नाही, त्याच्या नावावर खोटेपणाचा शिक्का बसला असता.

लॉगचं, म्हणजे आयोजकांना पाठवायच्या त्या वहीचं, पाकीट पोस्टात टाकायचं काम माझ्याकडे होतं. मी ते तीन दिवस स्कूटरच्या डिकीत घेऊन हिंडलो. शेवटी मिश्राजींना सगळं सांगितलं आणि विचारलं, "वो एक लाइन काट दूँ? उन्हें पता भी नहीं चलेगा."

मिश्राजी उठून पान थुंकून आले आणि म्हणाले, "यार, हमने एक अक्षर बोला था तो उन्होंने पूरी लाइन काट दी थी। अब हम उनकी लाइन काटें? डाल दो, जैसी है।"

मी पाकीट टाकलं. त्यानंतर दोन आठवडे मला काकांच्या नजरेला नजर देता येईना.

स्टेशनं एकमेकांना आठवण म्हणून कार्डं पाठवतात, ती यायला महिने लागतात. सात महिन्यांनी काकांनी मला घरी बोलावलं. टेबलावर एक कार्ड होतं, निळं पाणी, नारळाची झाडं. मागे तीच तारीख, बरोबर तीच वेळ आणि काकांची कॉलसाइन. खाली इंग्रजीत हातानं चार ओळी, मराठीत सांगायचं तर अशा:

"त्या दिवशी माझा मोठा सेट जळाला होता. टॉर्चच्या बल्बाइतक्या ताकदीवर तासभर हाका मारत होतो. जगात कुणालाच ऐकू गेलं नाही. तुम्ही कसं ऐकलंत?"

मी दोनदा वाचलं.

काकांनी कार्ड माझ्याकडून घेतलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि खुशीत माझ्या पाठीवर थाप मारली.

"गजभिये, तू होतास ना रे समोर? किती स्पष्ट येत होता तो!"