मामाच्या नसेतलं अस्तर

पहिलेच सांगतो... भूतखेत, भानामती, अंगात येणं — यातलं मले काहीच पटत नाही. उलट अंगात आल्याची नक्कल मी इतकी झकास करतो का आमच्या गल्लीतल्या दोन बायांनी एकदा माझ्यापुढं नारळ वाह्यला. मंग अशा माणसानं तुमच्या मासिकाले हे काहून लिहावं? तर वाचा.

माझा मामा अकोल्याले जठारपेठेत शिंपीकाम करते. पुढं दुकान, मंधात पडदा, मागं घर. मशीन उजव्या पायानं चालवते. त्याच पायाची मांडीतली नस बिड्या ओढून ओढून चोंदली. चार पावलं चालला का पोटरी धरून खाली बसे. इथले डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागन. शिंप्याचा पाय गेला म्हणजे मशीन गेली ना बाप्पा...

कोणीतरी मुंबईचा पत्ता दिला. मी संगं गेलो. तिथं परदेशातून शिकून आलेला एक डॉक्टर होता. त्यानं पाय चिरलाच नाही. जांघेत बारीक भोक पाडलं, तार सरकवली, तारेवरून टेफ्लॉनची पांढरी नळी, तिच्यावरून अजून जाड नळी... चोंदलेली जागा रुंद केली आणि सगळं बाहेर काढलं. थंडगार तळपाय गरम झाला.

आदल्या दिवशी त्यानं तशीच एक नळी मामाच्या हातात दिली होती. मामानं ती दोन बोटांत चोळून पाह्यली, गिऱ्हाइकाचं कापड पाह्यते तशी.

"कोन्या मिलचं हाये?"

"हे कापड नाही हो. याला रक्त सहसा चिकटत नाही, म्हणून वापरतो. हं... असं. नंतर पाय रोज कोमट पाण्यानं धुवायचा, तळवा तपासायचा. बघू."

वाक्य संपलं का 'बघू', आणि नाकातून निघणारं 'असं'. परतीच्या गाडीतच मी त्याची नक्कल बसवली. मामा पोट धरून हासला.

अकोल्याले आल्यावर मात्र मामानं पायाले फडकं गुंडाळलं. मामीनं विचारलं तर म्हणे, "डाक्टरनंच सांगतलं." मले यातलं काहीच माहीत नव्हतं. मी अमरावतीले, कॉलेजात.

दोन महिन्यांनी कॉलेजचं गॅदरिंग होतं. गुरुवारी, दुपारी चारच्या सुमारास मी स्टेजवर. एसटीचा कंडक्टर केला, आमचे प्राचार्य केले, शेवटी हा डॉक्टर. खाली उतरलो तं माझा दोस्त सुधाकर म्हणे, "सगळं जमलं बे, पन ते अस्तराचं काय होतं? कोनी हासलं नाही."

"कोन्तं अस्तर?"

"तूच म्हनला ना... आत अस्तर नाही, फडकं सोडा, बघू."

मले वाटलं, फेकून राहिला. असं काही मी बसवलंच नव्हतं.

रविवारी निरोप आला, मामा दवाखान्यात आहे. धावत गेलो. मामा खाटेवर, पाय उशीवर. मीच त्याची कात्री चोरली असंन, असा माझ्याकडं पाहून राहिला.

"गुरुवारी कोन्त्या गाडीनं आलता?"

"मी कायले येतो? गॅदरिंग होतं आमचं."

"खोटं नको बोलू. पडद्यामागून बोल्ला तू, त्या मुंबईवाल्याच्या आवाजात. आत अस्तर नाही, फडकं सोडा, बघू. चार वाजता."

मामी म्हणे, "मीबी आयकलं बाबू. मांगं अंगनात होती. वाटलं, तू आला. तुह्या वाट्याचा चहाबी टाकला."

मामानं पडदा ओढला होता, पलंगाखाली वाकून पाह्यलं होतं. कोणी नाही. मंग संतापून त्यानं फडकं सोडलं — "घे, पाह्य पाय, आन् हो बाहीर." करंगळीखाली जखम काळी पडत चालली होती. अजून चार दिवस गेले असते तर पाय वाचला नसता, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले.

"पण मामा, फडकं बांधलंच काहून?"

मामानं मान खाली घातली. त्याले पक्कं वाटत होतं का डॉक्टरनं नळी आतच ठेवली, नसेले अस्तर लावावं तशी. आणि कोऱ्या अस्तराले पाणी लागलं का ते आटते, हे शिंप्याले कोणी शिकवावं लागत नाही; अस्तर आटलं का नसबी आवळन. म्हणून फडकं गुंडाळून ठेवलं, पायाले पाणीच लावलं नाही.

"लोक हासतीन म्हनून कोनाले सांगतलं नाही. तुह्या मामीलेबी नाही."

मंग ते माझ्या तोंडात कुठून आलं?

मामीचा संशय अजून माझ्यावरच आहे. माझा मामावर होता — यानं सुधाकरले पढवलं असंन. पण दोघं एकमेकांले ओळखतही नाहीत. मुंबईले पत्र टाकलं. उत्तर आलं: पाय वाचला, आनंद आहे, अस्तराबद्दल मी काही बोललो नाही आणि अकोला अजून पाह्यलेलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर परवा मामा पहिल्यांदा मशीनवर बसला. थोडा वेळ पायडल मारलं, मंग थांबला.

"बाबू... आठ दिवसांपासून डावी पोटरीबी दुखून राहिली. कर ना त्याचा आवाज. इचार."

मामी हातातलं काम टाकून पडद्यापाशी उभी राहिली. मी घसा खाकरला. "हं... असं..." एवढं केलं आणि थांबलो. आवाज बरोबर लागला होता, म्हणूनच थांबलो. पुढचं वाक्य काय निघणार, ते मले माहीत नव्हतं.

"मामा, त्यालेच इचारू," म्हटलं. उद्याच्या गाडीनं दोघं मुंबईले चाललो. ते वाक्य गुरुवारी कोण बोललं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही... आणि खरं सांगू, परवा तोंड उघडून ते मिळालं असतं, तर मले नको होतं.