आप्पांसाठी काढून ठेवलेली सुरुवात

मोबाइलवर काहीही लावलं की हल्ली कोपऱ्यात सुरुवात गाळायचं 'स्किप'चं बटण येतं. दौंडहून पुण्याला नोकरीला जाताना गाडीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुली ते इतक्या सराईतपणे दाबतात की माझं डोकंच फिरतं. अगं, जरा दम धर की, असं ओठांवर येतं. मग मी खिडकीबाहेर बघते.

थरारपटाची खरी मजा त्या पहिल्या काही मिनिटांतच असते. खून कुणी केला ते शेवटी कळतं तेव्हा माझा तर हिरमोडच होतो. हात्तिच्या, हा होय! पण सुरुवातीला रिकामा रस्ता दिसतो, कुठंतरी दार वाजतं, कुणी काही बोलत नाही, तेव्हा वाटेल त्याच्यावर संशय घ्यायची मोकळीक असते. आजकालचे सिनेमे आधी ड्रोननं सगळा डोंगर वरून दाखवतात. एवढं सगळं दिसल्यावर भीती कशाची वाटायची? न दिसणाऱ्या गोष्टीची भीती वाटते, हे मला कुणी शिकवलं असेल तर माझ्या आईनं. आणि ते शिकवायची वेळ आली ती आप्पांना दर रविवारी सिनेमाला उशीर व्हायचा म्हणून.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते कुरकुंभच्या एका औषधांच्या कारखान्यात कामाला होते. रविवारीसुद्धा त्यांची फर्स्ट शिफ्ट असायची आणि टीव्हीवरचा सिनेमा नेमका त्यांच्या येण्याच्या आधी सुरू व्हायचा. कंपनीची बस भांडगावच्या फाट्यावर सोडायची. तिथून चालत घरी येऊन आप्पा आधी बाहेरच्या दगडावर हातपाय, मान खसाखसा धुवायचे. कारखान्याचा वास घरात आणायचा नाही, हा त्यांचा नेम. मग ओल्या मानेनं आत येऊन भिंतीला टेकायचे आणि विचारायचे, "काय काय झालं गं?"

आमच्याकडं त्यांच्यासाठी भाकरी झाकून ठेवलेली असायची, तशी सिनेमाची सुरुवातही काढून ठेवलेली असायची. ती वाढायचं काम आईचं. मी मध्ये तोंड घातलं की ती डोळे वटारायची. मी आपली "एका माणसाला मारलं" असं सांगून मोकळी व्हायचे. आई मेलेल्या माणसापर्यंत पोचायलाच तयार नसायची.

"आधी काय बी न्हाई," ती सांगायची. "नुसता पंख्याचा आवाज. घर मोठं, पण माणूस दिसंना. दार उघडंच. आन् आत चुलीवर दूध ठेवलंय. वर आलंय. आता उतू जाणार, पण बघायला कुणी न्हाई."

आता गंमत अशी की त्या दुधाचा सिनेमाशी काही संबंध नसायचा. सिनेमा बंदरावरचा असो, तुरुंगातला असो, परदेशातल्या उंच इमारतीतला असो, आईच्या सुरुवातीत दूध हटकून उतू जायचं. तिला विचारलं तर म्हणायची, बाईमाणूस दूध टाकून जाईल का? गेली म्हंजी काहीतरी इपरीत घडलंय. आप्पांना हे कळायला बरीच वर्षं लागली. तोवर ते बिचारे शेवटची पाटी येईपर्यंत वाट बघायचे आणि विचारायचे, "आन् त्या दुधाचं काय झालं?" आम्ही दोघी हसून हसून बेजार.

आईला ही विद्या कुठून आली, तर केंदूरहून, तिच्या माहेराहून. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. घरच्या पोरींना देवादिकांचा सिनेमा बघायला मुभा, खुनाच्या सिनेमाला मनाई. मग या पोरी तंबूच्या मागच्या कापडाला कान लावून बसायच्या. चित्र नाहीच, नुसते आवाज. पावलं, कडीचा खडखडाट, मग सगळं गप्प. आणि थोड्याच वेळात पोरी जागेवर नाहीत हे माझ्या मामाच्या लक्षात यायचं, आणि तो येऊन सगळ्यांना घरी हाकलायचा. त्यामुळं आईनं लहानपणी कैक सिनेमांच्या सुरुवाती ऐकल्या, शेवट एकाचाही नाही. पडद्यावर काय चाललं असेल ते तिनं मनानंच भरून घेतलं होतं, आणि मनात भरायला तिच्याजवळ होतं काय, तर चूल आणि दूध.

आप्पा रिटायर झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता निवांत बसून सिनेमा पहिल्यापासून बघतील. बघितलाही त्यांनी एक. चेहरा पाडून म्हणाले, "ह्यात काय दम न्हाई. तुझी आई सांगती तवा बरं वाटतं." आई त्या दिवशी दिवसभर खुशीत होती.

मागच्या हिवाळ्यात आईला अर्धांगाचा हलका झटका आला. दौंडच्या दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून हातपाय वाचले. बोलणंही थोडं परत आलं, पण शब्द अडायला लागले. मनात एक असायचं आणि तोंडातून दुसरंच यायचं. एकदा शेजारीण हसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तरी त्या दिवसापासून आईनं तोंडच मिटून घेतलं. हवं-नको मानेनं सांगायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना बोलतं ठेवा, नाहीतर आहे तेवढंही हळूहळू जाईल.

मी दर रविवारी भांडगावला जायचे. फळांची, भाज्यांची चित्रं घेऊन गेले, तर आईनं ती एकेक करून पालथी घातली. गाणी लावली, तिनं पाठ फिरवली. मला तिच्या आवाजाची फार आठवण यायची. माणूस समोर बसलेलं आणि त्याची आठवण यावी, हे फार वाईट.

मग एका रविवारी दुपारी टीव्हीवर थरारपट लागला. आम्ही तिघं बसलो होतो. घाटातला रस्ता, धुकं, कडेला एक गाडी. दिवे चालू, दार उघडं, आत रेडिओ वाजतोय आणि माणूस नाही. सुरुवात चांगली होती. मी पाय वर घेऊन नीट बसले, तेवढ्यात आप्पा उठले.

"मोटर बघून येतो," म्हणाले आणि गेले.

त्या आठवड्यात शेतातल्या पंपाला लाइट रात्रीचीच येत होती. सकाळी त्यांनीच मला सांगितलं होतं. दिवसा कसली मोटर बघणार? आईनं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खिडकीतून डोकावले. आप्पा कुठं गेलेच नव्हते. बाहेरच्या दगडावर उभे राहून ते पाय धूत होते, हात धूत होते, मान खसाखसा चोळत होते, अगदी शिफ्टवरून आल्यासारखे.

ओल्या मानेनं ते आत आले, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "काय काय झालं गं?"

आईला त्रास नको म्हणून मीच सांगायला लागले.

"तुला इचारलं न्हाई," आप्पा म्हणाले. माझ्याशी इतकं तोडून ते कधी बोलले नव्हते. रिमोट घेऊन त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

आई पदराशी चाळा करत राहिली. पडद्यावर माणसं तोंडं हलवत होती, त्यांच्याकडं आमचं कुणाचं लक्ष नव्हतं. आप्पा नुसते तिच्याकडं बघत बसले. घाई नाही, आग्रह नाही.

"रस्ता," आई म्हणाली.

मग बराच वेळ काहीच नाही. 

"धुकं." पुन्हा गप्प. "गाडी... गाडीचं दार... उघडं."

दोन शब्दांच्या मध्ये इतकी शांतता पसरायची की कुठल्याच सिनेमानं मला एवढं धरून ठेवलं नसेल. पूर्वी आई घडाघडा सांगायची. आता तिच्या प्रत्येक थांबण्यात पुढचा शब्द येतो की नाही याची भीती होती, आणि ती भीती खरी होती. आप्पांनीही मांडी आवळून धरलेली मला दिसली.

"मग?" ते म्हणाले.

"आत... कुणी न्हाई." कपाळाला आठ्या पडल्या. ओठ एकदा जुळले, सुटले, पुन्हा जुळले. "आन्... चु... चुलीवर..."

घाटातल्या गाडीत चूल! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. आप्पा मात्र अजिबात हसले नाहीत. ते पुढं सरकून बसले.

"दूध," आई म्हणाली.

"उतू गेलं?" आप्पांनी हळूच विचारलं.

आईनं मान हलवली. पण मानेवर काम भागवलं नाही. थांबली, शब्द शोधला आणि त्यांच्याकडं बघून म्हणाली, "न्हाई. अजून... न्हाई."