नैऋत्येचं घर

आमच्याकडे एक जुनी पद्धत अजून चालते. प्रवासाला निघायचा मुहूर्त आला आणि काही कारणानं माणसाला निघता येत नसेल, तर त्याचं प्रस्थान ठेवतात. एका फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि त्या माणसाचा एखादा कपडा बांधायचा, आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या कुणाच्या तरी घरी ते गाठोडं नेऊन ठेवायचं. झालं, माणूस निघाला. मग पुढं अमावस्या येवो की पितृपक्ष, काही बिघडत नाही. फक्त निघालेल्या माणसानं परत आपल्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. गाठोडं असेल तिथंच झोपायचं आणि तिथूनच गाडीत बसायचं.

ही शेवटची अट मायनं मला गाठोडं ठेवून आल्यावर सांगितली.

मी मॉरिशसला जाणार होतो. तिथं पिढ्यान्‌पिढ्यांपासून मराठी माणसं राहतात, त्यांचं देऊळ आहे. त्यांनी आमच्या भजन मंडळाकडे एक माणूस मागितला होता. दोन वर्षं राहायचं, सकाळ-संध्याकाळ पूजा-प्रार्थना करायची, पोरांना खंजिरीवर भजन शिकवायचं. मंडळानं माझं नाव काढलं तेव्हा मी हवेत होतो. सानगडीला शाल-नारळ देऊन सत्कार झाला, साकोलीहून चाकांची मोठी बॅग आणली. तिकडच्या सरकारची परवानगी तेवढी बाकी होती आणि ती आठवडाभरात येईल असं सगळेच म्हणत होते. इकडे पितृपक्ष तोंडावर आलेला. त्या दिवसांत घरून निघणं मायला मान्य नव्हतं.

"मॉरिशस कोणीकडे येते?" तिनं विचारलं. मी मोबाइलवर नकाशा दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे नैऋत्य."

मी म्हटलं, अगं आधी नागपूर, मग मुंबई, म्हणजे पश्चिम धर. पश्चिमेला निम्मं गाव पडलंय, कुणाच्याही घरी ठेव.

"शेवट कुठी होते थे पाह्य. नागपूरले का देऊळ बांधलं हाय तुह्यासाठी?"

आमच्या गावाच्या नैऋत्येला, रस्त्यापलीकडे, एकच घर आहे. मोठेबाबांचं. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे सख्खे मोठे भाऊ. मी शाळेत होतो तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एका कोरड्या वर्षी बोडीचं पाणी आधी कुणाच्या धानाला द्यायचं यावरून बांधावर फावडी उगारली गेली. आमची बोडी म्हणजे शेताच्या डोक्यावरचं लहानसं तळं, दोघांत एकच. तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, याच्या दारात पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही. दोघांचा बाप एकच होता, हे त्या गरमागरमीत कुणाच्या ध्यानात आलं नसावं. पुढं मोठीमाय, म्हणजे मोठेबाबांची बायको, वारली तेव्हा बाबा सरळ घाटावर गेले, घरी गेले नाहीत. जे बोलले ते पाळलं. त्या बाबतीत आमचं खानदान पक्कं आहे.

बाबा शेतात असताना माय गाठोडं ठेवून आली. संध्याकाळी बाबांना कळलं. ते भाकर अर्धी सोडून उठले. मी माझी बॅग घेऊन रस्ता ओलांडला. मोठेबाबांनी कोनाड्यातल्या गाठोड्याकडे बोट दाखवलं, मग बाजेकडे. "झोप तिथी," म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशीचं आमचं बोलणं एवढंच.

आठवडा गेला. पितृपक्ष गेला, दसरा गेला, दिवाळीही गेली. परवानगी काही येईना. कधी एक कागद कमी पडे, कधी दुसरा. मी मॉरिशसला निघालेला माणूस, आणि माझ्या घरचं कौलारू छप्पर मला समोर दिसत होतं. गावाला तर आयतंच मिळालं. पानठेल्यावर गेलो की कुणीतरी विचारायचंच, "काय महाराज, पोचले काय?" एक जण तर रोज विचारी, विमान पंचर झालं का म्हणून. मी हसायचो आणि आतून जळायचो. देवाचं काम करायला निघालो तर देवच वाटेत आडवा पडलाय, असं मी मोठेबाबांना एकदा चिडून बोललो.

"त्याच्या मनात असन काही," ते म्हणाले. "तू कायले घाई करून राहिला?"

मग त्यांनी माझी खंजिरी मागितली. मला माहीतच नव्हतं की ते वाजवतात. एके काळी गावात भजनाला हे दोघे भाऊ बसायचे, बाबा गाणारे आणि हे खंजिरीवर. भांडणानंतर दोघांनीही सोडलं. मी सकाळची प्रार्थना म्हणताना जो ठेका धरायचो तो त्यांना पसंत नव्हता. "धावून राहिला तू," ते म्हणायचे. "कोण मागं लागलं हाय तुह्या? तुह्या बापाचा आवाज चढे तवा मी हात हळू करो. म्हणून लोकाइले शबूद ऐकू ये." मंडळात मी चांगला वादक म्हणून ओळखला जायचो, त्यामुळे सुरुवातीला मला राग आला. नंतर रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून शिकू लागलो. आज मी जो ठेका शिकवतो तो त्यांचाच आहे.

माय दुपारी डबा घेऊन यायची. मुलाला जेवण पोचवायला जाते म्हटल्यावर बाबांना अडवता येईना. डबा दोघांना पुरेल एवढा असायचा, तेही बाबांना दिसत असणारच. एकदा डब्यात लाखोरीच्या डाळीचे वडे निघाले. मला लाखोरी लहानपणापासून आवडत नाही. मी मायला म्हटलं, हे कशाला? ती म्हणाली, "बाबा म्हणले, वडे कर, पोट्ट्याले आवडते." मोठेबाबांनी ते सगळे वडे एकट्यानं संपवले. शेवटचा खाताना ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो. माझेही डोळे भरून आले होते, ते त्यांना दाखवायचे नव्हते.

धान कापून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं. मोतीबिंदू इतका पिकला होता की ते माणसं आवाजावरून ओळखायचे, आणि हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. मी मॉरिशसला वेळेवर गेलो असतो तर मलाही कळलं नसतं. भंडाऱ्याला त्यांच्यासोबत राहिलो, घरी आणून डोळ्यांत औषध घातलं. पट्टी निघाल्यावर एका सकाळी ते ओट्यावर बसले होते. रस्त्यावरून बाबा बैल घेऊन चालले होते, नेहमीसारखे मान दुसरीकडे वळवून. मोठेबाबा त्यांच्याकडे बघत राहिले, बाबा वळणाआड जाईपर्यंत.

"म्हातारा झाला लेकाचा," ते म्हणाले.

माघ महिन्यात परवानगी आली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण लगेच दुसरी चिंता लागली. मी आता या घरातून थेट गाडीत बसणार. आमच्या घरी जाऊन बाबांच्या पाया पडायची मला मनाई. आणि बाबा इथं येणार नाहीत. दोन वर्षं जायचं आणि बापाचा आशीर्वाद न घेता जायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. शेवटी मी त्यांना शेताच्या वाटेवर गाठलं आणि सरळच विचारलं.

"नाही जमत," ते म्हणाले. "तू घरी ये, पाया पड, अन् जा. तुह्या मायचं काही आयकू नको."

मायला सांगितलं तर ती म्हणाली, "इतके महिने पाळलं, अन् आता शेवटच्या दिवशी मोडतं काय?" वाटेवरच बाबांच्या पाया पडायला हवं होतं, हे रात्री सुचलं, आणि सकाळी तर निघायचं होतं. मला दोघांचाही राग आला. त्या रात्री प्रार्थनेत मी देवाकडे प्रवास सुखाचा होऊ दे असं मागितलं नाही, बाबा येऊ दे एवढंच मागितलं.

निघायच्या सकाळी माय उजाडताच आली. तिनं मोठेबाबांचं घर आणि ओटा शेणानं सारवला, सडा घातला. गाठोडं सोडून त्यातला माझा सदरा मला घालायला दिला. नागपूरला जाणारी गाडी दारात उभी राहिली, बॅग चढली. आता तळहातावर दही ठेवायचं आणि निघायचं. तेव्हा माय म्हणाली, "अगो बाई, दही तं घरीच राह्यलं."

माझी माय विसरणारी बाई नाही. तिनं माझा फोन घेतला आणि बाबांना दही घेऊन यायला सांगितलं.

बाबा वाटी घेऊन आले आणि रस्त्याच्या कडेला थांबले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. दही आणायला निघालेला माणूस इतका तयार होऊन येत नाही. "घे इथून," ते मला म्हणाले. मी पाय उचलला तर मायनं दंड धरला. "निघालेल्या माणसानं मागं नाही जायचं." मी जागेवर उभा. बाबा तिथं, मी इथं, मधे आठ-दहा पावलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

मोठेबाबा आतून बाहेर आले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी बाबांकडे पाहिलं. ते जुनं काही उकरून काढतील अशी मला भीती वाटली.

"चप्पल बाहेर काढ बे," मोठेबाबा म्हणाले. "आत्ताच सारवलं हाय."

लहान भावाला लहानपणी दटावत असतील, तसेच म्हणाले. बाबा वाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, त्या ओट्याखाली नीट जोडून ठेवल्या आणि वर आले. त्यांनी माझ्या हातावर दही ठेवलं. मी आधी मोठेबाबांच्या पाया पडलो, मग बाबांच्या. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मी गाडीत बसलो आणि नियमाप्रमाणे मागं वळून पाहिलं नाही.

दुपारी नागपूरला विमानतळावरून मी घरी फोन केला. पोचलो, सगळं ठीक आहे, सांगितलं. मग म्हटलं, बाबांना दे.

"थे घरी कुठी हायेत?" माय म्हणाली. "सकाळपासून तिकडंच बसून हायेत दोघं. आता त्यायचाही डबा तिकडंच न्या लागते मले."