नळीवरचे डाग

आखाडा बाळापूरच्या बाजारात कुलपं, शिवणयंत्रं आणि लायसनच्या बंदुका दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक बोलत असताना ते वस्तूवरून अंगठ्याचं नख फिरवत आणि प्रत्येक वाक्याला "बराबर" म्हणत.

आजोबांच्या वेळची दुनळी बंदूक घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. माझ्या धाकट्या भावानं तीच स्वतःवर झाडून जीव दिला होता. पोलिसांकडून ती परत आली तेव्हा नळीवर तांबूस डाग पडले होते. वडिलांना ती पुन्हा पहिल्यासारखी भिंतीवर हवी होती. चाचांना मी सांगितलं, पावसात भिजली.

त्यांनी नख फिरवलं. या वेळी "बराबर" म्हणाले नाहीत.

"पाण्याचा गंज असा न्हाई धरत," ते हळू म्हणाले. "घरातलंच कोण होतं?"

"भाऊ."

दोन दिवस ते तेल आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन घासत बसले. नळी स्वच्छ निघाली, पण त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही.

"डाग गेले. पण तुमच्या आईला ते दिसतच राहतील. भिंतीवर लावू नका, ठाण्यात जमा करा."

"वडील ऐकणार नाहीत."

त्यांनी बंदूक कापडात गुंडाळली, दुकानाला कुलूप घातलं आणि माझ्यासोबत घरी आले. वडिलांसमोर बसून त्यांनी कापड उलगडलं आणि जिथं डाग होते तिथं नळीवरून नख फिरवत राहिले. शेवटी वडीलच उठले आणि ठाण्यात न्यायला कपाटात लायसनचा कागद शोधू लागले.