रघूभावजी आणि न हसलेली गल्ली

दीड महिन्यापूर्वी आमचे हे दवाखान्यातून आले, सायकल भिंतीला लावली आणि नुसतं म्हणाले, "रघू गेला." मी तव्यावरची भाकरी उतरवली, चूल विझवली आणि निघाले. रघूभावजी माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. मिलमध्ये कामाला आणि सुटीच्या दिवशी नकला. मुकादम, कंडक्टर, कुर्डुवाडी स्टेशनात पाणी भरून घेणारं आगगाडीचं इंजिन… गणपतीत सोलापूरच्या पाच-सहा मंडळांत तरी त्यांना बोलावणं असायचंच.

आमच्या गल्लीत बसवराजचा फोटो स्टुडिओ. मागे एकदा त्याने कुणाचा तरी कॅमेरा आणून सिनेमा काढला. विनोदी. गोष्ट एका गावातल्या नकलाकाराची, ज्याचं काही म्हणता काही जमत नाही. हिरो कुठून आणणार? ज्यांच्यावरून गोष्ट सुचली त्या भावजींनाच उभं केलं. कोट त्यांचाच, प्रेक्षक म्हणून गल्लीतले आम्ही, आणि ऊन परतवायला माझ्या पांढऱ्या चादरी.

शेवटच्या सीनला नकलाकार स्टेजवर येतो आणि एकही माणूस हसत नाही, असं होतं. भावजींनी तोंड उघडलं मात्र, सगळा मांडव खो खो! बसवराज डोकं धरून बसला. "अहो, फिल्म आता एकदाच पुरंल! हसू नका की!" भावजी स्वतः खाली येऊन म्हणाले, "वहिनी, तुमी हसला की समदी हसत्यात. जरा दम धरा."

धरला. पदराचा बोळा दातात धरून, डोळे वटारून बसले. सगळी गल्ली तशीच. भावजींनी मुकादम केला, कंडक्टर केला… आणि इंजिनापाशी अडकले. ओठ हलले, आवाज नाही. आमच्याकडे बघत राहिले. बसवराज खूश.

सिनेमा टॉकीजला आठवडाभर लागला. त्या सीनला टाळ्या पडल्या. "काय अ‍ॅक्टिंग केली हो!" लोक म्हणायचे. घरी आल्यावर भावजी म्हणाले, "अ‍ॅक्टिंग न्हवती ती, वहिनी. तुमी बी हसला न्हाई."

"अहो, तुम्हीच सांगितलंत की!"

"व्हय. ठावं हाय मला."

त्या गणपतीत नकलांना कुठेच उभे राहिले नाहीत. समोर तोंडं दिसली की शब्द जातात, म्हणाले. घर मुकं झालं. माझ्या मनाला लागलं. एके दिवशी मी पाठमोरी भाकऱ्या थापत होते. मागून हळूच मुकादमाचा आवाज आला. मी वळले नाही, हूं की चूं केलं नाही, पण हसू दाबता दाबता भाकरी फाटली.

"हसलाव की!"

"तोंड कुठं दिसतंय तुम्हाला?"

"खांदं हलत्यात. तोंड खोटं करता येतं वहिनी, खांदं न्हाई."

मग रोजचंच झालं. मी चुलीपाशी, ते उंबऱ्यावर. पुढच्या गणपतीला परत उभे राहिले आणि इंजिन पार कुर्डुवाडीच्या पुढे नेलं.

दवाखान्यात शेवटी शेवटी भावजींना बोलवत नव्हतं. गेले त्याच्या आदल्या दिवशी मी खाटेच्या कडेला पाठ करून मोसंबी सोलत होते. मागून घरघरत्या आवाजात राऊंडला येणाऱ्या डॉक्टरांची नक्कल सुरू झाली. दोन शब्द, मग खोकला, मग पुन्हा दोन शब्द… मला हसू कसलं येतंय? डोळ्यांना धार लागली होती.

"हलली बगा खांदं," भावजी म्हणाले. लई खूश होते.

मी मागे वळले नाही.